मी पुसलेली लेबलं

आमच्या कार्यालयातलं एका हंगामाचं काम माझ्या हातून नष्ट झालं, आणि ते दुसऱ्या एका माणसामुळे झालं असं मी सगळ्यांना समजू दिलं. मी उघड खोटं बोललो नाही. अर्धं खरं सांगितलं आणि उरलेलं अर्धं कुणी विचारू नये अशा बेतानं गप्प राहिलो. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक सहसा प्रामाणिक समजतात. त्या समजाचा फायदा मी काही वर्षं घेतला, आणि त्यातल्या एकाही वर्षी मला स्वस्थ बसता आलं नाही.

चंद्रपुरातली आमची लहानशी संस्था ग्रामसभांना त्यांच्या जंगलाचे नकाशे करायला मदत करते. धानोरा तालुक्यातल्या गावांतली माणसं आपल्या गावाची शीव पायी चालतात. बरोबर जीपीएसचं यंत्र असतं. प्रत्येक खुणेपाशी थांबून गावातलं जाणतं माणूस ती खूण कोणती ते आधी गोंडीत आणि मग मराठीत सांगतं: हा मोहा, हा नाला, त्या दगडाच्या पलीकडे शेजारच्या गावाचं. ते बोलणं ध्वनिमुद्रित होतं, कार्डांवरून चंद्रपूरला येतं, आणि आमच्या संगणकावर त्याचे नकाशे होतात. कार्डं रिकामी करून पुढच्या गावाला पाठवायची, ही पद्धत. संगणकाची सारी जबाबदारी माझ्याकडे होती, आणि आहे.

त्या वर्षी आमच्याकडे एका कंपनीनं बदललेला जुना सर्व्हर आला होता. त्यात नेहमीच्या रॅमच्या पट्ट्यांशेजारी दोन वेगळ्या पट्ट्या होत्या. साधी रॅम वीज गेली की सगळं विसरते. या दोन पट्ट्या विसरत नसत. मेमरीच्या वेगानं काम आणि डिस्कसारखी आठवण. पर्सिस्टंट मेमरी हे त्यांचं नाव. डिस्कवर तासन्तास रेंगाळणारे नकाशे त्यांच्यावर चहा होईपर्यंत जुळून येत. मला त्या यंत्राचा गर्व झाला होता, आणि गर्वापोटीच त्या हंगामाचं सगळं काम मी त्या पट्ट्यांवर ठेवलं. डिस्कवर प्रत घ्यायची ती दसरा झाल्यावर घेऊ, असं ठरवलं. वीज गेली तरी न विसरणाऱ्या वस्तूची प्रत घेण्याची घाई कशाला, असं मला वाटलं होतं.

पुढचं समजण्यासाठी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ही मेमरी कशी ओळखतो ते थोडं सांगावं लागेल. यंत्र सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेली मूळ आज्ञावली, त्याच्या हाती एक तक्ता देतं: इथून इथपर्यंतची मेमरी साधी, इथून इथपर्यंतची टिकणारी. टिकणारा भाग कर्नल रोजच्या धावपळीच्या कामाला वापरत नाही. त्याची ‘रीजन’ म्हणून वेगळी नोंद ठेवतो. मजकूर दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं, थोडा हिच्यावर थोडा तिच्यावर, असा पसरलेला असेल तर दोन्ही मिळून एकच रीजन होतो. मात्र त्या रीजनच्या आत कुणी काय मांडून ठेवलं आहे, हे फर्मवेअरला ठाऊक नसतं. ते प्रत्येक पट्टीच्याच एका राखीव कोपऱ्यात लिहिलेलं असतं, आणि त्या लिहिण्याला लेबल म्हणतात. आतल्या भागाला नेमस्पेस म्हणतात. त्याची ओळख, सुरुवात आणि लांबी लेबलात असते. शिवाय एक आकडा असतो. कोणत्या पट्ट्या कोणत्या क्रमानं एकत्र बसल्या आहेत, त्यावरून तो काढलेला असतो. कर्नल दर वेळी तो आकडा नव्यानं काढतो आणि लेबलातल्या आकड्याशी ताडून पाहतो. जुळला तरच नेमस्पेस आपल्यासमोर ठेवतो. न जुळल्यास तो मजकुराला धक्का लावत नाही, पण दाखवतही नाही.

हे सारं माहितीपत्रकात होतं. मी ते वरवर चाळलं होतं.

आमची यंत्रं साफ करायला बल्लारपूरहून एक मेकॅनिक येत असे. वयानं माझ्याएवढाच. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे बारीक पेचकस घरातच होते, असं तो सांगायचा. चंद्रपुरात संगणकाच्या आत कोळशाची काळी भुकटी बसते आणि उन्हाळ्यात ती यंत्राचा श्वास कोंडते. खंडेनवमीला मात्र सगळ्या कचेऱ्यांना आपापली यंत्रं चकचकीत हवी असतात, म्हणून तो आठवडा त्याच्या सुगीचा. “तुमची पूजा, माही ईद,” असं तो म्हणे.

त्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं सर्व्हर अंगणात नेऊन ब्लोअर लावला आणि काळा लोट उठला.

“साहेब, याच्यात तं अर्धी खाण हाय,” तो म्हणाला. “मशीन चालवून राह्यले का कोळसा काढून राह्यले?”

“नीट पुसा भाऊ. उद्या बाई स्वतः हळदकुंकू लावणार आहेत,” मी म्हणालो. बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख.

“मंग रॅम बी काढतो. टोकं रबरनं घासली का नव्यासारखी होते.”

“काढा,” मी म्हणालो.

त्यातल्या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही. साध्या रॅमच्या सारख्या पट्ट्या कुठल्याही खाचेत बसवल्या तरी चालतं. त्याचा उभा जन्म त्या अनुभवावर गेला होता आणि तो अनुभव बरोबरच होता. त्यानं सगळ्या पट्ट्या वर्तमानपत्रावर मांडून खोडरबरानं एकेक घासली. दुसऱ्या दिवशीचं पूजेचं तबक आणि झेंडूची फुलं ठेवायला टेबलावर जागा हवी होती, म्हणून तो कागद मी बाजूला सरकवला. काही पट्ट्या घसरल्या. मी त्या पुन्हा ओळीनं लावल्या. कोणती पट्टी कोणत्या खाचेतली, हे बहुधा तिथेच हरवलं. त्याच्या हातून की माझ्या, हे आता सांगता येत नाही.

खंडेनवमीला यंत्र बंद ठेवायचं असतं, ते आम्ही ठेवलं. दसऱ्यानंतर सुरू केलं. रीजन दिसत होता, नेमस्पेस दिसत नव्हता. बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. नवा नेमस्पेस करायची आज्ञा दिली, तर उत्तर आलं की जागा शिल्लक नाही. आत काही नाही असंही तेच यंत्र सांगत होतं आणि आत जागा नाही असंही तेच सांगत होतं. मी पुन्हा पुन्हा त्याच आज्ञा देत राहिलो, जणू यंत्र केव्हातरी कंटाळून मान्य करील. एव्हाना बाई दोनदा दारात येऊन गेल्या होत्या. गडचिरोलीच्या बैठकीला नकाशे हवे होते. “आज होतील ना?” त्या विचारत, आणि मी “हो, होतील,” म्हणत असे.

मी माणसांवर चिडत नाही. माझी चीड अशाच ठिकाणी निघते जिथे ती कुणाला दिसत नाही. दुपार सरत आली तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की मजकूर गेलाच आहे, साफसफाईतच गेला आहे, आता निदान यंत्र तरी चालू व्हावं. लेबलं पुसून टाकायची आज्ञा असते. ती दिली. यंत्रानं नकार दिला, कारण रीजन चालू होता. तो नकार ही मला थांबायला मिळालेली शेवटची संधी होती. मी रीजन बंद केला आणि लेबलं पुसली. मग सगळं विलक्षण सोपं झालं. जागा मोकळी झाली, नवा नेमस्पेस झाला, मी तो फॉरमॅट केला, आणि मोकळी जागा पाहून मला क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग मी मेकॅनिकला फोन केला.

“भाऊ, पट्ट्या काढून लावल्यापासून आतलं काही दिसत नाही. सगळं गेलं.”

त्यानं पलीकडचा ब्लोअर बंद केला. मग म्हणाला, “मी रबरनं घासलं न साहेब. त्याच्यानं गेलं का?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

माझी चूक मी या दोन शब्दांत जपून ठेवली. आज्ञा मी दिली होती, लेबलं मी पुसली होती, आणि ते मला माहीत होतं. बाईंना मी सांगितलं की साफसफाईनंतर पट्ट्यांमधलं सगळं गेलं. त्यांनी मान डोलावली. प्रत का नव्हती, हे विचारण्याइतकं संगणकातलं त्यांना कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो मीच होतो.

हिवाळ्यात आम्ही धानोऱ्याकडच्या गावात गेलो, पुन्हा शीव चालून द्याल का, असं विचारायला. माणसं झाडाखाली बसली होती. बाईंनी झालेली गोष्ट सांगितली.

“म्हणजे तुमच्या मशीननं आमचं जंगल गिळलं,” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आन ढेकर बी नाई देल्ला.”

“मशीन साफ करणाऱ्याच्या हातून झालं, बाबा,” बाई म्हणाल्या.

“त्याले म्हणा, घरचे भांडे घासत जा,” मागून एक बाई म्हणाली. “तेवढे तरी फुटले का समजते.”

सगळे हसले. मीही हसलो. माझा चेहरा त्या वेळी कसा दिसला असेल, हे मला पुढे फार दिवस छळत राहिलं. गावानं पुन्हा शीव चालून दिली. थंडीत, धान काढायची कामं बाजूला ठेवून, कुरकुर करत, पण चालून दिली. गावाचं नुकसान असं भरून निघालं.

खरं काय झालं होतं ते मला त्यानंतर कळलं. नवं काम त्याच पट्ट्यांवर चढवल्यावर या वेळी मी आधी डिस्कवर प्रत घेतली, आणि मग माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं. क्रमाच्या आकड्याचा परिच्छेद आला तेव्हा वाचन थांबलं. मी यंत्र बंद केलं, त्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा सुरू केलं. हुबेहूब तीच अवस्था समोर आली: रीजन आहे, नेमस्पेस नाही, जागाही शिल्लक नाही. कर्नलच्या नेहमीच्या नोंदींत याबद्दल एक अक्षर नव्हतं. नोंदी सविस्तर करायची कळ फिरवल्यावर एक लहानसं वाक्य आलं, की लेबल सापडलं, पण त्यातला आकडा इथल्या पट्ट्यांशी जुळत नाही. जागा शिल्लक नव्हती, कारण लेबलांनी ती अडवून धरली होती. ती मजकुराची राखण करत होती. मी पट्ट्या पुन्हा जागच्या जागी लावल्या, आणि सगळा मजकूर जसाच्या तसा वर आला.

दसऱ्यानंतरच्या त्या दुपारीही हेच झालं असतं. दोन पट्ट्या काढून एकमेकींच्या जागी ठेवायच्या होत्या. फारतर घडीभराचं काम.

माझा संताप आधी त्या यंत्रावर झाला. इतकी महत्त्वाची गोष्ट ते नेहमीच्या नोंदीत का सांगत नाही? कर्नल लिहिणाऱ्यांनी ती एक ओळ वर आणली असती तर काय बिघडलं असतं? हे प्रश्न आजही मला योग्य वाटतात. पण त्यांच्या आडून मी बरेच महिने दुसरा प्रश्न टाळला. यंत्रानं मला सांगितलं नाही, हे खरं. मी कुणाला काय सांगितलं होतं?

मी मेकॅनिकला सांगायचं ठरवलं, आणि माझ्या वैतागाचा दुसरा अंक सुरू झाला. फोन केला, तर माझं प्रास्ताविक संपायच्या आत तो म्हणाला, “साहेब, खंडेनवमीले यंदा मले नका बोलावू. दुसरा पोरगा पाठवतो, चांगला हाय.” मी म्हणालो, “बरं.” एकदा बल्लारपूरला कामानं गेलो तेव्हा त्याच्या दुकानात शिरलो. त्यानं चहा मागवला, मेहुण्याची हकिकत सांगितली, मग माझ्या साखरेची चौकशी केली, आणि मी सगळ्याची उत्तरं देऊन बाहेर पडलो. एकदा मोबाइलवर सविस्तर संदेश लिहिला. कर्नल, रीजन, लेबल, आकडा, सगळं. वाचून पाहिलं तर कुणाचा दोष आहे, हे त्यात कुठेच कळत नव्हतं. मी तो पाठवला नाही. सौम्य माणसाच्या वाक्यरचनेत दोष किती सफाईनं विरघळतो, हे पाहून मला स्वतःची घृणा आली.

दरम्यान त्यानं संगणक उघडायचं सोडलंच होतं. मला वाटलं होतं की फक्त आमचे सोडले असतील. स्टेशनच्या बाजूच्या त्याच्या दुकानात आता कूलरचे पंप, मिक्सर आणि पंखे दिसत. पाटीवरचा ‘कंप्युटर’ हा शब्द त्यानं पांढऱ्या रंगानं झाकला होता.

गेल्या एप्रिलमध्ये कार्यालयाचा कूलर बंद पडला. पंप घ्यायला बाई आणि मी त्याच्याकडे गेलो. बाईंनी पुष्कळ दिवसांनी त्याला पाहिलं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक मिक्सरची वाट बघत स्टुलावर बसलं होतं.

“भाऊ, येणं सोडलंच तुम्ही,” बाई म्हणाल्या. “आमच्या मशीनमध्ये पुन्हा खाण भरली आहे. ती नवी मुलं नुसतं वरून फडकं मारतात.”

“नाई बाई. कंप्युटरले हात नाई लावत मी आता.”

“का बरं?”

“माहा हात खराब हाय.” तो पंपाची तार सोलत होता, वर न बघता बोलत होता. “घरी लेक म्हणते, अब्बा, लॅपटॉप उघडून द्या. मी म्हणतो, दुकानात ने. एकडाव लोकायचं जंगल गेलं माह्या हातानं. घरचं कायले घालवू?”

गिऱ्हाईक हसलं. “जंगल कसं जाते हातानं, भाऊ?”

“रबरनं,” तो म्हणाला. “घासलं आन गेलं.”

त्याला हे विनोद म्हणून सांगायची सवय झाली होती, हे ऐकताना कळत होतं. कितीजणांना सांगितलं असेल, कुणास ठाऊक. बाईंचा चेहरा हळवा झाला. त्या पुढे झाल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “ते अजून मनात ठेवलंय तुम्ही? अहो, गावानं पुन्हा चालून दिलं सगळं. चूक कुणाच्याही हातून होते. आम्ही तुम्हाला केव्हाच माफ केलं.”

त्यानं हातातली तार खाली ठेवली. “खरं सांगता बाई?”

“खरंच.”

“मले वाटे, तुमी लोकं बोलत नाई, पण मनात असल.” त्यानं रुमालानं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी बघितलं नाही. मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी आभार होते. “साहेबांनी बी कधी एक शब्द वाकडा नाई बोलला मले. दुसरा असता तं बाजारात उभं केलं असतं.”

माझ्या वागण्याचं एवढं चुकीचं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. ज्या गुन्ह्याची माफी बाईंनी त्याला दिली तो त्याचा नव्हता, आणि ज्या मौनाबद्दल तो माझे आभार मानत होता त्या मौनानंच त्याचा हात खराब ठरवला होता. या वेळीही मी “चालायचंच, भाऊ” म्हणालो असतो तर पंप घेऊन आम्ही परत गेलो असतो. ते शब्द माझ्या तोंडात तयारही होते.

“भाऊ, तुम्हाला माफ करायचं काही कारणच नाही,” मी म्हणालो. “बाई, तुम्हीही ऐका.”

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण गिऱ्हाईकही वळून बघू लागलं.

“तुमच्या घासण्यानं काहीही गेलं नव्हतं. त्या मशीनमधल्या दोन पट्ट्या वेगळ्या जातीच्या होत्या, त्यांच्या जागा बदलल्या की यंत्र आतलं दाखवत नाही, एवढंच. जागा कशा बदलल्या, मलाही माहीत नाही. पुसल्यावर त्या मीही हलवल्या होत्या. पण आतलं सगळं शाबूत होतं. परत जागेवर लावल्या असत्या तर आलं असतं.”

“मंग गेलं कसं?” त्यानं विचारलं. फार शांतपणे विचारलं.

“मी पुसलं. चिडून पुसलं. त्या दोन वेगळ्या आहेत, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. प्रत घेऊन ठेवायची होती, ती घेतली नाही. मग तुम्ही फोनवर विचारलं, रबरनं गेलं का, तेव्हा मी ‘काय माहीत’ म्हणालो. मला माहीत होतं, भाऊ, की पुसण्याची आज्ञा मी दिली. त्याच हिवाळ्यात हेही कळलं की त्याआधी काहीच गेलं नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत मी तुम्हाला तसंच समजू दिलं.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एवढी वर्षं मी ज्याच्या नजरेला नजर देणं टाळलं होतं, त्याच्याकडे बघून बोलणं मला भाग होतं.

“तुमचा हात चांगला आहे. चूक माझी होती, आणि ती मी तुमच्या नावावर राहू दिली. तुमचं काम त्यापायी सुटलं. मी तुमचा अपराधी आहे, भाऊ. मला माफ करा.”